फर्म्यांचा सूड

आयुष्याचं ध्येय काय असं विचारलं, की माणसं साधारणपणे देश, समाज किंवा दोन खोल्यांचा फ्लॅट असं काहीतरी सांगतात. कळव्याच्या विनिता तरेचं उत्तर लहान आणि नेमकं होतं. धोंडीबा शेडगेला परत कुणी उस्ताद म्हणता कामा नये. हे ती लपवतही नसे. ठाकुर्लीच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखत झाली, तेव्हा केंद्रप्रमुख साईनाथ सरांनी तिला या क्षेत्रातली प्रेरणा विचारली. तिने हेच वाक्य सांगितलं. सरांना वाटलं, बाईंना विनोदाची जाण आहे. त्यांनी तिला लगेच घेतलं.

केंद्र एका बंद पडलेल्या लग्नाच्या हॉलात आहे. स्टेजवर अजून थर्माकोलच्या अक्षरांत ‘शुभ विवाह’ आहे आणि त्याखाली मुलं पत्रा कापतात. शिकवतात ते एअर कंडिशनिंगचं डक्टकाम. मॉलच्या, हॉस्पिटलच्या छतामागे थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते डक्ट. माणसाला तिथे थंडी वाजते, पण डक्ट दिसत नाही, त्यामुळे तो करणाऱ्याची आठवण येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सरळ डक्ट कुणालाही जमतो. गोम वळणात असते. वळणारा किंवा आकार बदलणारा तुकडा सपाट पत्र्यावर उलगडला तर कसा दिसेल, ते आधी आखावं लागतं; मग कापायचं, वाकवायचं, कडा एकमेकींत अडकवायच्या. ज्याला ही आखणी येते तो उस्ताद. बाकीचे नुसते हात.

विनिता आयटीआय करून वागळे इस्टेटमधल्या मैथिली एअर सिस्टिम्समध्ये अप्रेंटिस लागली. मैथिली ही शेठची मुलगी. ती कारखान्यात कधी आली नाही, पण धंदाच हवेचा असल्यामुळे कुणाला ते खटकलं नाही. कारखाना चालवायचा धोंडीबा. साताऱ्याकडचा माणूस, राहायला कल्याण पूर्वेला, मिशा शेठपेक्षा मोठ्या. आखणीची वेळ आली की तो खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर आपटायचा. ही खूण होती. पंचा आपटला की सगळ्या शिकाऊंनी बाहेर जायचं.

“जा, चहा आला का बघा.”

चहा टपरीवरून रोज वेळेवर येई, त्याला बघायला जायची काही गरज नव्हती. तरी शिकाऊंच्या कितीतरी तुकड्या दाराबाहेर उभ्या राहून चहाची वाट बघत कामगार झाल्या. परत आत यावं तर पत्र्यावर रेघा तयार.

“उस्ताद, हे कसं आखलं?” विनिताने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“हातानं.”

“तसं नाही. सुरुवात कुठून केली?”

“पत्र्याच्या कडेपास्नं. तिथनं पत्रा चालू होतो.”

मुलं हसली. मुलांना निदान ठोकाठोकी तरी मिळे. विनिताला डक्टवर फोम चिकटवायला बसवलं होतं. “बायकांचा हात चिकटवायला बरा,” धोंडीबा म्हणे, “घरी पापड लाटता न्हवं?” पापड आणि फोम चिकटवायचं रबर सोल्यूशन यांचा संबंध तिला अखेरपर्यंत कळला नाही, वास मात्र केसांत कायम राहिला.

धोंडीबाचं एक कुलूपबंद कपाट होतं. त्यात खिळ्यांना फर्मे टांगलेले असत. फर्मा म्हणजे पातळ पत्र्याचा कापून ठेवलेला नमुना. मोठ्या पत्र्यावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, की आखणी तयार. नेहमी लागणाऱ्या तुकड्यांचे फर्मे करून ठेवायची रीतच असते. हे सगळे आपल्या डोक्यातून उतरलेत, असं धोंडीबा सांगे, आणि कपाटाच्या किल्लीला जानव्याची शान होती.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्यातला एक फर्मा टेबलावर राहिला. धोंडीबा जेवायला गेला होता. विनिताने तो वाया गेलेल्या पत्र्यावर ठेवला, खुणेची बाजू वर धरून रेघ मारली आणि पुढचे काही दिवस फोमच्या भेंडोळ्यांआड बसून तुकडा तयार केला. वाटेतला बीम चुकवून एका अंगाला सरकणारा, वर चढणारा आणि पुढे अरुंद होणारा तुकडा होता. कडा अशा बसल्या की नख जाऊ नये. तिने तो नेऊन धोंडीबाच्या टेबलावर ठेवला. कौतुकाची अपेक्षा नव्हती, निदान आखणीला आत थांबू देतील एवढीच आशा होती.

धोंडीबाने तुकडा फिरवून फिरवून पाहिला. “झकास,” तो म्हणाला. “दसऱ्याला सगळ्यांस्नी दाखवू.”

दसऱ्याला वागळे इस्टेटमध्ये यंत्रांची पूजा होते. मशिनींना झेंडूचे हार, कात्र्यांना कुंकू, कामगारांची बायकापोरं नव्या कपड्यांत. त्या वर्षी मधल्या पाटावर विनिताचा तुकडा होता, हार घातलेला. विनिताची आई शेवंती मुद्दाम कळव्याहून आली होती. आरती झाली आणि धोंडीबाने तुकडा उचलून छताच्या बीमखाली धरला.

“ह्यो बीमला डावीकडनं चुकवाय पायजे. बघा कुठं निघालाय.”

तुकडा उजवीकडे वळत होता.

“ह्यो बीम चुकवत न्हाय, बीमच्या घरी जेवाय चाललाय!”

सगळे हसले. शेठ हसले, शेठचा ड्रायव्हर हसला. मग धोंडीबाने पेढा खात खुलासाही केला. फर्म्याला पोट असतं आणि पाठ असते. उलटा ठेवला की तुकडा आरशातल्यासारखा उलटा निघतो. म्हणून वरच्या बाजूला खूण असते. ती खूण त्याने पुसून दुसऱ्या बाजूला केली होती आणि फर्मा मुद्दाम बाहेर ठेवला होता. “चोराला कळाय पायजे, घरमालक जागा हाय.” मग त्याने विनिताच्या हातात नारळ दिला आणि त्या तुकड्यापुढे तिलाच फोडायला लावला. त्याचा फोटो ग्रुपवर आला. खाली अंगठे आले.

चूक झाल्याचं तिला फार वाटलं नाही. शिकायला आलेल्या माणसाला आईदेखत चोर म्हटलं गेलं, ते तिने नीट जपून ठेवलं. अप्रेंटिसशिप संपेपर्यंत तिचं नाव ‘आरसा’च राहिलं. “ए आरसा, फोम आण.” ती आणून देई. राग डोक्यात जाऊ न देता जपायचा असेल तर हातांना काम लागतं, आणि ते तिला भंगारात सापडलं.

साइटवरून पोचा पडलेले, मापात न बसलेले तुकडे परत येत आणि भंगारात जात. धोंडीबा कपाटाला कुलूप लावी, भंगाराला लावत नसे. विनिता ते तुकडे शेठला सांगून घरी न्यायला लागली. गच्चीवर बसून ती स्क्रू ड्रायव्हरने कडा उकले, लाकडी मोगरीने ठोकून पत्रा सपाट करी, तपकिरी कागदावर त्याची रेघ उतरवी. जे धोंडीबाने बंद दाराआड केलं ते ती उन्हात उलट करत होती. मग कागदावर त्रिकोण पाडून, आयटीआयचं ड्रॉइंगचं पुस्तक मांडीवर घेऊन, ती रेघ तिथेच का येते हे शोधत बसे. कधी रेघ पटे, कधी आठवडाभर पटत नसे.

“लोकांच्या पोरी सोनाराकरं जातान,” शेवंती शेजारणीला सांगे, “आमची भंगारवाल्याकरं.”

अप्रेंटिसशिप संपली. डोंबिवली एमआयडीसीत काही वर्षं काम केल्यावर ती ठाकुर्लीच्या हॉलात शिकवायला आली आणि तिने सुडाला हात घातला. पद्धत साधी होती. धोंडीबाची सगळी पत एका कपाटात होती. ते कपाट गावभर उघडं करायचं. तिने व्हिडिओ काढायला सुरुवात केली. चॅनेलचं नाव ‘उस्तादांचे फर्मे’. सुरुवात ठरलेली: “नमस्कार. वागळे इस्टेटचे उस्ताद धोंडीबा शेडगे हा तुकडा कुणाला दाखवत नाहीत. आज आपण तो पाहू.” मग शांतपणे, खडू घेऊन, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत. खाली फर्मा फुकट उतरवून घ्यायची सोय, त्यावर ठळक अक्षरांत पोट कुठलं, पाठ कुठली. उल्हासनगरपासून पनवेलपर्यंतच्या वर्कशॉपांत मुलं ते मोबाइलवर बघून तुकडे कापायला लागली. शेंबडं पोर जे आखतं त्यासाठी मिशा कोण पोसणार, असा तिचा हिशेब होता.

हिशेबात एक गोष्ट राहिली. लोकांनी ‘दाखवत नाहीत’ हे ऐकलंच नाही. त्यांनी ‘उस्ताद धोंडीबा शेडगे’ एवढंच ऐकलं. व्हिडिओखाली लिहून यायला लागलं: उस्ताद को सलाम, नाशिक से. दुबईतल्या कुणी लिहिलं, ऐसे कारीगर अब कहाँ. एकाने विचारलं, उस्ताद हयात आहेत का, असल्यास दर्शन कुठे घेता येईल. मैथिली एअर सिस्टिम्सच्या गेटवर शेठने फ्लेक्स लावला, त्यात मिशा पूर्वीपेक्षा मोठ्या आल्या होत्या. ज्याला बुडवायचं त्याची तिने स्वखर्चाने जाहिरात केली होती. एका सकाळी धोंडीबाचा तिला मेसेज आला. गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ आरसा’. फोन फोमच्या भेंडोळ्यावर जाऊन पडला म्हणून वाचला.

“बरी जिरवलीस गो त्याची,” शेवंती म्हणाली. “आता देऊल बांद.”

यानंतर बरेच दिवस विनिता कुणाशी बोलली नाही, असं मुलं सांगतात. बोलायची, पण फक्त मापं.

मग एकदा नवा व्हिडिओ करायला तिने सगळे तपकिरी कागद स्टेजवर अंथरले आणि तिला दिसलं की नवं काही उरलेलंच नाही. इतके तुकडे उकलले, पण आकार मूठभरच; तेच पुन्हा पुन्हा. आणि जिथे माप जरा वेगळं होतं, तिथे धोंडीबाने दोन नेहमीच्या तुकड्यांमध्ये पत्र्याची एक जोडपट्टी टाकून भागवलं होतं. कारखान्यात याला ‘उस्तादांचा जोड’ म्हणत. त्याने मजबुती येते असं शेठ गिऱ्हाइकांना सांगत. विनिता कागदांमध्ये बसून राहिली. धोंडीबा आखत नव्हता. त्याला आखणी येतच नव्हती. पंचा आपटून, सगळ्यांना बाहेर घालवून, तो कपाटातला फर्मा काढून भोवती रेघ मारत होता, बस. ज्या खोलीबाहेर तिला उभं केलं होतं, ती खोली रिकामी होती.

ज्याच्या विद्येचा द्वेष करण्यात तिने उमेदीची वर्षं घालवली, त्याच्याकडे ती विद्याच नसावी, हा तिला दसऱ्यापेक्षा मोठा अपमान वाटला. पण त्या संध्याकाळी ती घरी जाताना पेढे घेऊन गेली.

साईनाथ सर तेव्हा नव्या बॅचच्या उद्घाटनाला पाहुणा शोधत होते.

“धोंडीबा शेडगेंना बोलवा,” विनिता म्हणाली. “मी प्रात्यक्षिक ठेवते त्यांचं.”

सर हेलावले. “गुरुऋण! हल्ली कोण एवढं मानतं, विनिताबाई?”

“हो सर. फेडायचंच आहे.”

धोंडीबा आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, शेठच्या गाडीतून. हॉल भरला होता. शाल झाली, नारळ झाला. धोंडीबाने भाषण केलं. विद्या ही लपवून ठेवायची गोष्ट न्हाय, तो म्हणाला, दिल्यानं वाढती. साईनाथ सरांनी डोळे टिपले. विनिताने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत शेवटी थांबली.

“उस्ताद, मुलांना आता एक तुकडा आखून दाखवा,” ती म्हणाली. टेबलावर कोरा पत्रा होता. “एका टोकाला चौकोन, दुसऱ्या टोकाला गोल. गोल मधोमध नाही, एका कोपऱ्याकडे सरकलेला. मापं फळ्यावर आहेत.”

“सोपं हाय की,” म्हणत धोंडीबाने पिशवीत हात घातला. “फर्मा आणलाय मी.”

“फर्मे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, उस्ताद. या मापाचा नाही. कोऱ्या पत्र्यावर आखायचं.”

त्याने पंचा चाचपला. पण खांद्यावर शाल होती, आणि हॉलभर माणसं बसली होती, त्यांना चहा बघायला पाठवता येत नव्हतं. त्याने कंपास घेतला. चौकोन काढला, झकास काढला. शेजारी गोल काढला. आणि थांबला.

“नेटवर्क गेलं काय रे?” मागच्या रांगेत ऋतुराज नावाच्या पोराने विचारलं.

“माझा चष्मा कुठं राहिला...”

“नाकावर आहे, उस्ताद.”

शेठने घड्याळ पाहिलं. “आटपा उस्ताद, मला भिवंडीला जायचंय.”

“मधी एक जोड टाकू या,” धोंडीबा म्हणाला. “मजबूत हुतंय.”

“जोड नको. एकाच पत्र्यात.”

पंखे फिरत होते. धोंडीबाने कंपास पत्र्यावर टेकवला, उचलला, परत टेकवला. मग खाली बघून काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं,” विनिता म्हणाली. “मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.”

“मला आखाय येत न्हाय.”

आणि साईनाथ सर उठून टाळ्या वाजवायला लागले. “ऐकलंत मुलांनो? याला म्हणतात नम्रता! एवढा मोठा माणूस म्हणतो, मला येत नाही!” टाळ्या पसरायला लागल्या. धोंडीबाने मान वर केली. बुडणाऱ्याच्या हाताला फळी लागावी, तसा त्याचा चेहरा झाला. त्याने दोन्ही हात जोडले.

विनिताने माइक ओढून घेतला. “सर, थांबा. ही नम्रता नाही. त्यांना खरंच येत नाही. कधीच येत नव्हतं. हो ना, उस्ताद?”

टाळ्या एकेक करून बंद पडल्या. “सोनल, ये,” विनिताने जुन्या बॅचमधल्या एका मुलीला हाक मारली. सोनलने पाहुण्यांना नमस्कार केला, त्यांच्या हातातून कंपास मागून घेतला आणि त्यांनी काढलेल्या चौकोनावरूनच पुढे आखत गेली. धोंडीबा शेवटपर्यंत शेजारी उभा होता. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. विनिताला सुचलं होतं, ती म्हणाली नाही. शेठ भिवंडीला गेले. गाडीही गेली.

हॉलच्या मागे पूर्वी वाढप्यांची खोली होती. धोंडीबा तिथे शाल मांडीवर घेऊन बसला होता. विनिता पाणी घ्यायला आली तेव्हा तो म्हणाला,

“भायखळ्याला एक मिस्त्री हुता. त्यो गावाला जाताना मला फर्मे देऊन गेला. आखणी न्हाय शिकवली. पंचा त्योच आपटायचा. मीबी भाईरच हुतो गं.”

“मग तुम्हाला माहीत होतं बाहेर कसं वाटतं ते.”

त्याने शालीची घडी घातली.

“तुला कळलं हुतं तर घरी येऊन सांगायचंस,” तो म्हणाला. “चारचौघांत कशाला?”

“आरती चारचौघांतच झाली होती.” ती ग्लास विसळून निघून गेली.

विनिताने तो व्हिडिओ चॅनेलवर टाकला नाही. गरज नव्हती, तो हॉलमधल्या प्रत्येकाने टाकला. फ्लेक्स उतरला आणि कारखान्यातल्या गळक्या पन्हळीवर झाकण म्हणून गेला. पुढे मोठ्या साइट्सवर सर्टिफिकेटशिवाय माणूस आत घेईनात. इतकी वर्षं उस्तादांना सर्टिफिकेट विचारायची शेठची हिंमत नव्हती. आता सहज झाली. धोंडीबाच्या घरापासून जवळचं केंद्र ठाकुर्लीचंच.

“तुमची काही हरकत?” साईनाथ सरांनी चाचरत विचारलं.

“छे,” विनिता म्हणाली. “घ्या की. पहिल्या बाकावर.”

तिने त्याला सगळं शिकवलं. एक रेघ लपवली नाही, एक पायरी गाळली नाही. त्याची बाकीची बॅच विशीतली. “धोंडीबा शेडगे, उभे राहा. या कोपऱ्यातून किती त्रिकोण निघतात? बसा. ऋतुराज, तू सांग.” त्याला समजत नसे तेव्हा ती पुन्हा सांगे, शांतपणे, फळ्यापाशी बोलावून, सगळ्यांसमोर. परीक्षेत त्याची रेघ केसभर हलली होती. तेवढ्यावर इतरांना पास केल्याचं मुलांना आठवतं. त्याला केलं नाही. तो परत बसला. दुसऱ्यांदा तिने पत्र्याची कडा खरखरीत असल्याचं कारण दिलं. तो परत बसला. मिशा मध्येच कधीतरी त्याने काढून टाकल्या, मशिनीजवळ त्रास होतो म्हणून.

शेवटच्या परीक्षेचा तुकडा त्याने टेबलावर ठेवला तेव्हा ती तो कितीतरी वेळ मोजत होती. आतून मोजला, बाहेरून मोजला, उजेडाकडे धरून फट शोधली. तुकडा बरोबर होता. तिचा चेहरा, ऋतुराजच्या म्हणण्याप्रमाणे, लिफ्ट बंद पडल्यासारखा झाला.

“पास,” ती म्हणाली.

“झालं, मॅडम?”

“झालं.”

मुलांनी गलका केला. “काका, पार्टी!” “काका पास झाले रे!” “ओ काका, नुसता वडापाव चालणार नाही हां!” धोंडीबाने पहिल्या हाकेला वळून मागे पाहिलं, दुसरं कुणी आहे का ते. मग “येतो, येतो,” म्हणत त्याने आपली हत्यारं पिशवीत भरली आणि पोरांच्या घोळक्यात पायऱ्या उतरायला लागला.

विनिता दाराशी उभी राहिली. काका, हळू. काका, पिशवी द्या. काका, चटणी जास्त सांगा. आवाज रस्त्यावर गेले, वळले, कमी झाले. तिने शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. कुणीही उस्ताद म्हटलं नाही. मग तिने शटर ओढलं आणि समाधानाने घरी गेली.